कालचीच वाळू

रेल्वेच्या ज्या साहेबाने ही लाइन आखली त्याने गाव पाहिलं नव्हतं, आणि समुद्र तर नाहीच नाही. त्याने नकाशावर पट्टी ठेवली, रेघ ओढली आणि तो जेवायला गेला असावा. पट्टी बोटभर अलीकडे सरकली असती तर स्टेशन गावामागच्या घट्ट जमिनीवर झालं असतं. ती सरकली नाही. स्टेशन झालं ते थेट वाळूत: एक फलाट, मास्तरांची खोली, पाण्याची टाकी, सिग्नलचा खांब आणि कामगारांसाठी ओळीने बांधलेल्या चार खोल्या. सकाळच्या गाडीने मासळीच्या टोपल्या शहरात जायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने रिकाम्या टोपल्या घेऊन माणसं परत यायची. मधल्या वेळात स्टेशनात माश्या मारण्यापलीकडे कुणाला काम नसे, आणि टोपल्यांच्या वासामुळे माश्यांना तोटा नसे.

पहिल्याच वर्षी वाऱ्याचे दिवस आले आणि एका सकाळी गाडी फलाटाच्या तोंडाशी वाळूत रुतून बसली. मग वरून हुकूम आला. तीन माणसांची टोळी नेमावी, तिने रोज पहिल्या गाडीआधी रुळांवरची वाळू काढावी, नेमणूक तात्पुरती, वाळू असेपर्यंत. हा हुकूम दर वर्षी नव्याने यायचा आणि दर वर्षी त्यात 'तात्पुरती' हा शब्द न चुकता असायचा. त्या तात्पुरत्या नोकरीत टोळीचा पहिला मुकादम म्हातारा होऊन मेला आणि त्याच्या मुलाने तेच फावडं हातात घेतलं. हा मुलगा म्हणजे या गोष्टीतला मुकादम.

काम सोपं होतं. फावड्याने वाळू उचलायची आणि बाजूला फेकायची. प्रश्न फक्त बाजूचा होता. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला भाजीचा मळा. वारा समुद्राकडून येणार, तेव्हा वाळू मळ्याकडे फेकावी हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण मुकादमाच्या बापाने सुरुवातीला तशी फेकलेली वाळू नेमकी कांद्याच्या कोवळ्या रोपांवर पडली, आणि त्या वेळचा मळेवाला कुंपणाशी येऊन अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असं बोलला. काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही. त्यात मुकादमाच्या आजीचाही उद्धार होता. बाप तापट माणूस. "मरेन, पण तुझ्या कुंपणापलीकडे चिमूटभर वाळू टाकणार नाही," अशी त्याने तिथल्या तिथे शपथ घेतली. त्या दिवशी फावडी समुद्राकडे वळली ती वळलीच.

म्हणजे टोळीने पहाटे वाळू समुद्राच्या बाजूला टाकायची आणि वाऱ्याने तीच दिवसभरात उचलून परत रुळांवर आणायची, असा सगळ्या गावाचा समज होता. मासळीवाल्या बायका डोक्यावरची टोपली फलाटावर टेकवता टेकवता विचारायच्या, "काय मुकादम, आज ताजी आहे की कालचीच?" मुकादमाचा बाप यावर खो खो हसायचा. मुलाने एकदा विचारलं, "बाबा, आपण एकच वाळू रोज काढतो का?" बाप म्हणाला, "मग? वाळू संपली तर आपली चूल कशावर पेटायची?" आणि पाठ थोपटून त्याने त्याला दुसरं फावडं दिलं.

बाप हसून मोकळा झाला, मुलाला मात्र ते जमलं नाही. मुकादम सरळ स्वभावाचा, थोडा जडच. पगाराच्या दिवशी तो मास्तरांच्या टेबलासमोर मान खाली घालून उभा राहायचा. दोन पिढ्या आपण फुकटचं खातो आहोत, हे त्याच्या मनात लहानपणापासून घर करून होतं. तो काम मात्र इतकं नीट करायचा की रुळांमधल्या खडीतही वाळूचा कण सापडू नये. ज्या कामात अर्थ नाही असं वाटतं, ते माणूस एक तर टाळतो नाही तर वेड्यासारखं चोख करतो. मुकादम दुसऱ्या जातीचा होता.

टाकून टाकून समुद्राच्या बाजूला वाळूचा एक लांबलचक ढीग झाला होता. फलाटाएवढा लांब आणि माणसाच्या डोक्याहून उंच. बापाने सुरू केलेला म्हणून त्याला टोळीत 'थोरला' म्हणत. "थोरल्यावर टाका," एवढं म्हटलं की कळायचं. त्याच्यावर रानवेली माजल्या होत्या आणि गावच्या शेळ्या तिथे सुखाने चरायच्या. सुट्टीत शहरातून हवा खायला येणारे लोक गाडीतून उतरले की आधी नाक मुरडायचे: समुद्रावरचं स्टेशन म्हणे, आणि फलाटावरून समुद्र दिसत नाही!

टोळीत मुकादमाबरोबर त्याचा मेव्हणा होता आणि लांब्या नावाचा एक उंच, मुखदुर्बळ माणूस. मेव्हणा म्हणजे मुकादमाच्या बायकोचा भाऊ. तोंडाने फाटका आणि मनाने मऊ. बहीण तापाने गेली तेव्हा तिची मुलगी जेमतेम चालायला लागली होती. पोरीला वाढवलं ते मुकादमाने आणि या मामाने मिळून, म्हणजे एकाने तिची वेणी घालायची आणि दुसऱ्याने "ही वेणी आहे की दोरखंड?" असं म्हणून ती सोडायची. गाडी सुटताना इंजिनाबरोबर तीही शिट्टी वाजवायची, म्हणून स्टेशनात सगळे तिला शिट्टीच म्हणत.

शिट्टी मोठी झाली आणि शहरात एका चष्मेवाल्याकडे कामाला लागली. भिंगं घासायची, फ्रेमच्या मापाची करायची, पुसून कागदात गुंडाळायची. सकाळच्या गाडीने जायची आणि संध्याकाळच्या गाडीने यायची. मुकादमाचा दिवस पहाटे सुरू व्हायचा खरा, पण त्याच्या लेखी तो संध्याकाळी गाडीचा धूर दिसला की सुरू व्हायचा. धुतलेला शर्ट घालून तो फलाटाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीखाली उभा राहायचा. ती उतरायची, डबा त्याच्या हातात द्यायची आणि खोलीपर्यंतच्या वाटेवर दिवसभराचं सांगायची: आज एक बाई आली, तिला स्वतःच्या नवऱ्याचाच चष्मा बरा बसला, आज मालकांनी माझं काम दुसऱ्याला दाखवलं. मुकादम "हं, हं" करायचा. त्याला त्यातलं फार कळत नसे, पण ते ऐकण्यासाठी तो दिवसभर फावडं मारायला तयार होता. ती नसेल तर आपलं काय होईल, हा विचार तो करत नसे. आला तर झटकून टाकत असे.

एक दिवस तिने सहज सांगितलं, "मालकीणबाई म्हणत होत्या, दुकानावरची खोली रिकामी आहे. राहायचं असेल तर राहा."

"मग? तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? गाडी आहे ना रोजची."

मुकादमाला हायसं वाटलं. गाडी होती तोवर काळजी नव्हती.

आणि नेमकं त्यानंतर थोड्याच दिवसांत मास्तरांनी त्याला खोलीत बोलावून दार लोटून घेतलं. मास्तर गोल चेहऱ्याचे, घाबरट गृहस्थ. वरून आलेलं प्रत्येक पत्र ते जणू आपल्यालाच फाशी झाली आहे अशा चेहऱ्याने वाचत.

"मुकादम, बसा. स्टेशन बंद करायचं चाललंय."

"कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? आपलं! तिकिटं विकून जे येतं त्याहून जास्त वाळू काढण्यात जातं, असं म्हणणं आहे त्यांचं. वारा पडला की एक साहेब पाहणीला येणार. वाळू आहे तशीच दिसली तर कुलूप. कमी दिसली तर वाचू."

मुकादमाने टेबलावरच्या शिक्क्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "आणि वाळू कमी झाली तर टोळीचं काय?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. तो शिट्टीनेच करून दिलेला होता. "ते मी कसं सांगू?" ते म्हणाले, म्हणजे त्यांनी सांगितलंच.

त्या दिवशी संध्याकाळी खोलीत मेव्हणा जो भडकला तो आवरेना. "भाऊजी, डोकं ठिकाणावर आहे का? आपण होऊन आपल्याच पोटावर पाय द्यायचा? साहेब येईल, बघेल, जाईल. असे छप्पन साहेब येऊन गेले."

"स्टेशन बंद झालं तर टोळी तशीही जाणारच."

"तेव्हा जाईल. आज का घालवायची? दुसरीकडे बदली तरी मागता येईल आपल्याला."

"आणि पोर?"

मेव्हण्याने चुलीकडे पाहिलं. शिट्टी चुलीपाशी होती, भांड्यांच्या आवाजात तिला हे ऐकू गेलं नाही. मुकादम हलक्या आवाजात म्हणाला, "गाडी गेली की ती तिकडेच राहणार. मग या खोलीत मी काय भिंतींशी बोलू?" मेव्हण्याने हात झटकले. "करा काय करायचं ते," तो म्हणाला आणि चप्पल पायात अडकवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने धुतलेला शर्ट सकाळीच घातला आणि बापाची शपथ मोडायला तो मळ्याकडे निघाला. जुना मळेवाला केव्हाच वारला होता. आता त्याचा मुलगा मळा बघत होता. दोघं एकाच वयाचे, एकमेकांना कुंपणावरून रोज बघणारे, आणि आयुष्यात एकदाही न बोललेले. मळेवाला वाफ्यात उकिडवा बसून गाजरं उपटत होता. मुकादमाने घसा साफ केला, आणि वाटेत जुळवलेलं सगळं विसरून एका दमात म्हणाला, "वाळू तुमच्या बाजूला टाकायची म्हणतो. रोपांवर नाही टाकणार. कोपऱ्यात कुठेतरी."

मळेवाल्याने मान वर केली. मग हातातलं गाजर त्याच्यापुढे धरलं. ते मधोमध फाटून त्याला दोन तंगड्या फुटल्या होत्या.

"हे बघा. सगळी अशीच निघतात. माझी जमीन चिकट, गाजराला भुसभुशीत लागते. मी नदीवरून वाळू आणतो, इतक्या लांबून, भाड्याच्या गाडीने."

"नदीवरून?" मुकादमाने मागे वळून थोरल्याकडे पाहिलं. "आणि ही समोर दिसते तरी?"

"दिसते ना! लहानपणापासून दिसते. पण तुमच्या वडिलांनी शपथ घेतली होती म्हणे, चिमूटभरही देणार नाही म्हणून. मग मागायची कशी?"

दोघंही थोडा वेळ त्या तंगड्या फुटलेल्या गाजराकडे बघत राहिले. आधी हसला तो मळेवाला. मग मुकादमालाही हसू आलं, पण त्याच्या हसण्यात राग होता; इतकी वर्षं आपण कशासाठी टोमणे खाल्ले, असं त्याला वाटून गेलं.

त्या आठवड्यापासून फावडी मळ्याकडे वळली. मळेवाला गडी मोठा उत्साही निघाला. रोजच्या वाळूने त्याचं भागेना, तेव्हा त्याने गाडी आणि चार माणसं दिली आणि थोरला उचलायला सुरुवात केली. मुकादमाने आडकाठी केली नाही, उलट स्वतः फावडं घेऊन पुढे झाला. जी वाळू वाऱ्याने रुळांवर यायची ती मुळात नाहीशीच केली की प्रश्न मिटला, हा त्याचा हिशेब. आणि हिशेब कुणालाही पटेल असाच होता. मास्तरांना पटला, गावाला पटला, लांब्याने मान हलवली. मेव्हणा तेवढा कुरकुरत होता, पण त्यालाही थोरल्याचं काही पडलेलं नव्हतं, नोकरीचं पडलं होतं.

वारा पडलेला होता. दिवस शांत होते. थोरला रोज थोडा थोडा खचत गेला. शेळ्यांनी दुसरी जागा शोधली. एका दुपारी फलाटावर उभ्या असलेल्या मासळीवालीला अचानक समुद्र दिसला आणि ती "अगं बाई!" म्हणून ओरडली, जणू तो आजच आला होता. मग सगळ्यांनाच कौतुक. मास्तरांनी फलाटावरचं बाक उचलून समुद्राकडे तोंड करून ठेवलं. सकाळी टोळी कामावर यायची तर रुळांवर काढण्यासारखं काही नसायचं. मुकादम रुळांवरून बोट फिरवून बघायचा. बोट कोरडं, स्वच्छ. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने हातात घेतलेलं काम संपलं होतं. त्या आनंदात त्याला झोपही गाढ लागायची.

साहेब आला तो समुद्र बघूनच खूष झाला. बाकावर बसून त्याने चहा घेतला, रुळांच्या कडेने चार पावलं चालला, बुटाच्या टोकाने खडी उकरून बघितली. "छान," तो म्हणाला. "कुठे आहे वाळू?" मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

निकाल लवकरच आला. स्टेशन चालू राहणार. वाळू उरलेली नसल्यामुळे वाळूची टोळी बंद. मुकादमाची नोकरी संपतच आली होती, त्याला आधीच निवृत्त केलं. स्टेशन असेपर्यंत खोलीत राहायची मुभा मिळाली. लांब्या आपल्या भावाकडे निघून गेला. मेव्हण्याला कुठेतरी लांब, आतल्या मुलखात बदली दिली, ती त्याने घेतली नाही. तो बंदरावर होड्यांना डांबर फासायच्या कामाला लागला आणि मुकादमाशी बोलायचा बंद झाला. वाटेत दिसला तर समुद्राकडे बघत पुढे जायचा.

मुकादमाला याचं वाईट वाटलं. पण संध्याकाळी गाडी यायची, शिट्टी उतरायची, डबा त्याच्या हातात द्यायची. सौदा महाग पडला असेल, फसलेला नाही, असं तो मनाशी म्हणायचा.

मग वाऱ्याचे दिवस आले.

पहिल्या दिवशी काही विशेष दिसलं नाही. जमिनीलगत वाळूचा एक पातळ पदर सरकत होता, घोट्याएवढ्या उंचीवरून, अगदी घाई नसल्यासारखा. तो समुद्रकाठच्या पुळणीवरून निघायचा आणि मध्ये काहीच आडवं येत नसल्यामुळे सरळ रुळांवर यायचा. रुळाला अडून तिथेच बसायचा. दुपारपर्यंत एक रूळ दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशी गाडीचा रूळ बदलायचे सांधे अडकले. मास्तरांनी आणि सिग्नलवाल्याने लटकून जोर लावला तरी खटका हलेना. मास्तरांनी वर कळवलं. वरून उत्तर आलं की तुमच्याकडे वाळू उरलेली नाही अशी नोंद आहे.

मुकादम पहाटे फावडं घेऊन निघाला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं आणि पगारही नव्हता. पोरीची गाडी यायची होती, एवढंच. रूळ मोकळा करून तो मागे वळेपर्यंत मागचा भरलेला असायचा. एवढी वाळू त्याने सगळ्या नोकरीत बघितली नव्हती. ही कालची वाळू नव्हती. ही कधी हात न लागलेली, बारीक, थेट समुद्रातून वर आलेली वाळू होती, आणि तिच्यामागे आणखी अख्खा किनारा पडून होता.

थोरला जिथे होता त्या जागी तो जाऊन उभा राहिला. वारा असा अंगावर आला की डोळे उघडेनात. कित्येक वर्षं तो याच्या दहा पावलं मागे वाऱ्याच्या दिवसांत काम करत आला होता, आणि असा वारा त्याला माहीत नव्हता. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. रोज पहाटे रुळांवर सापडायची ती थोरल्याने अडवून उरलेली वाळू होती. बापाने रागाच्या भरात चुकीच्या बाजूला टाकलेल्या प्रत्येक फावड्याने ही भिंत उभी केली होती. ना बापाला ते कळलं, ना त्याला, ना कुठल्या साहेबाला. दोन पिढ्या केलेल्या ज्या कामाची त्याला लाज वाटली, ते काम खरं होतं. आणि ज्या कामाचा त्याला आयुष्यात पहिल्यांदा अभिमान वाटला, ते ही भिंत पाडायचं होतं. मुकादम तिथेच खाली बसला. त्याला रडू आलं, ते त्याने वाऱ्याच्या नावावर खपवलं.

मग तो उठला आणि रुळांवरची वाळू समुद्राच्या बाजूला फेकू लागला. वाऱ्याविरुद्ध. फेकलेली अर्धी तोंडावर यायची. थोड्या वेळाने त्याच्या शेजारी दुसऱ्या फावड्याचा आवाज आला. मेव्हणा होता, हाताला डांबर तसंच. दोघं दिवसभर फेकत राहिले आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्यापुढे जेमतेम गुडघ्याएवढा ढीग झाला. तोही बघता बघता सपाट होत होता.

"भाऊजी," शेवटी मेव्हणा म्हणाला, "हा थोरला नाही व्हायचा."

"हो."

"मग कशाला मारताय?"

"गाडी यायची आहे," मुकादम म्हणाला, आणि मेव्हण्याने पुन्हा फावडं उचललं.

गाडी आली, पण फलाटापर्यंत नाही. सिग्नलच्या बऱ्याच पलीकडे ती थांबली आणि माणसं खाली उतरून चालत निघाली, पदर आणि रुमाल तोंडाला लावून. त्यांच्यात शिट्टी होती. चपला एका हातात, डबा दुसऱ्या हातात. तिने बापाला आणि मामाला बघितलं, दोघंही पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे झालेले. तिने नेहमीसारखा डबा बापाच्या हातात दिला नाही. फावडं त्याच्या हातातून काढून घेतलं, बाजूला टाकलं आणि म्हणाली, "चला आता. मामा, तुम्हीही चला घरी." त्या वाटेवर तिने काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून गाडी तात्पुरती बंद झाली. वाऱ्याचे दिवस सरेपर्यंत, असा हुकूम होता. ते सरले, पुन्हा आले, पुन्हा सरले. हुकूम कुणी मागे घेतला नाही आणि स्टेशन बंद झाल्याचा हुकूमही कुणी काढला नाही. त्यामुळे कागदोपत्री स्टेशन अजून आहे, आणि मुकादम अजून त्या खोलीत आहे. मास्तर बदलून गेले. फलाट वाळूखाली गेला; समुद्राकडे तोंड केलेल्या बाकाची फक्त पाठ दिसते. गावात आता कुणी म्हणतं मोटारवाल्यांनी लाच देऊन स्टेशन बंद पाडलं, कुणी म्हणतं समुद्रच पुढे आला. थोरल्याचं नाव कुणी काढत नाही. मळेवाल्याची गाजरं मात्र लांब, सरळ आणि गोड निघतात, आणि त्याचा ट्रक रोज शहरात जातो.

शिट्टी चष्मेवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत राहायला गेली. सुट्टीच्या दिवशी ती मळेवाल्याच्या रिकाम्या ट्रकमध्ये बसून यायची आणि दुपारी भरलेल्या ट्रकमधून परत जायची. अशाच एका सुट्टीला दोघं खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते. मळेवाल्याने दिलेली गाजरं ती धुऊन, सोलून बापापुढे ठेवत होती.

"बाबा, एक विचारू? मामा म्हणत होते, तो ढीग तुम्ही माझ्यासाठी काढलात."

मुकादमाने गाजराचा तुकडा तोंडात टाकला. "मामाच्या तोंडाला कधी कुलूप होतं?"

"खरं का?"

"गाडी राहिली असती," तो म्हणाला. "तू रोज घरी आली असतीस."

शिट्टीने सुरी खाली ठेवली. ती बोटांवरचा गाजराचा रंग पुसत राहिली. भिंगं घासून तिच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती.

"मी खोली तेव्हाच घेणार होते, बाबा. पहाटे उठायचं, उभ्याने जायचं, उभ्याने यायचं. डोळे मिटायचे कामावर. मालकीणबाईंना हो म्हणायचं, असं रोज गाडीत ठरवायचे."

"मग?"

"मग काय. गाडी आत यायची आणि तुम्ही टाकीखाली उभे असायचात. धुतलेला शर्ट घालून."

मुकादमाने गाजराचा आणखी एक तुकडा तोंडात टाकला. दाताखाली वाळूचा एक कण आला. नीट धुऊनही गाजरात तो राहतोच. त्याने तो थुंकला नाही. "सांगायचंस," तो शेवटी म्हणाला.

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. तिने पिशवी उचलली, त्याच्या पाया पडली आणि दारातून वळून म्हणाली, "पुढच्या सुट्टीला येते. पण उन्हातान्हात येऊन उभे राहू नका हं. ट्रक नाक्यावर सोडतो मला, मी येते चालत."

"नाही राहणार," मुकादम म्हणाला.

पुढच्या सुट्टीला मेव्हणा सकाळीच बंदराकडे निघाला होता. नाक्यावर त्याला मुकादम दिसला. धुतलेला शर्ट घातलेला, झाडाच्या बुंध्यामागे थोडा आडोशाला उभा, म्हणजे ट्रकमधून पटकन दिसू नये. ट्रक यायला अजून पुष्कळ वेळ होता. मेव्हण्याने तोंड उघडलं, मग मिटलं, आणि तोही त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.